उत्तरेस केसीची विहीर

चतुःसीमा वाचणं हे माझ्या पोटापाण्याचं काम. पूर्वेस अमक्याचा दगडी गडगा, पश्चिमेस तमक्याची पाखाडी, दक्षिणेस पावसात वाहणारा पऱ्ह्या. कोर्टातला शिरस्तेदार म्हणून माझी निम्मी हयात हे वाचण्यात गेली, आणि झोपेतून उठवलं तरी माझी सीमा चुकणार नाही असा माझा लौकिक होता. ‘होता’ म्हणायचं कारण एवढंच, की दोन चुलतभावांच्या बांधाच्या दाव्यात मी एकदा भर कोर्टात, खणखणीत आवाजात वाचून गेलो, “उत्तरेस केसीची विहीर.” न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. “हा केसी कोण? वादीकडचा की प्रतिवादीकडचा?” मी म्हटलं, “कुणाकडचाच नाही साहेब. तो आयर्लंडात असतो.” तोवर वादीचे वकील उभे राहिले होते, “ही विहीर नकाशात दाखवलेली नाही, आमची हरकत आहे!” आणि त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत प्रतिवादीचे वकील उठले, “त्या विहिरीवर आमच्या अशिलाची पूर्वापार वहिवाट आहे!”

ही सगळी करणी माझ्या साडूची. आयर्लंड देशातल्या किल्डरीन नावाच्या खेड्याबद्दल ह्या गृहस्थाला जेवढं ठाऊक आहे तेवढं त्या खेड्याच्या ग्रामदेवतेलाही ठाऊक नसेल, असं मी छातीला हात लावून सांगतो. आणि स्वतः साडू? जयगडच्या पलीकडे बोटीने गेलेला नाही. एकदा मुंबईला जायला म्हणून बंदरावर गेला, बोटीवर नेणाऱ्या पडावात पाय ठेवला, पडाव हलला, आणि “आमच्या किल्डरीनची माणसं अमेरिकेपर्यंत कशी गेली असतील हो!” असं म्हणत पडशी घेऊन माघारी आला. तिकीट मीच काढलं होतं, म्हणून ही गोष्ट माझ्या चांगली लक्षात आहे.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. गावाबाहेर, खाडीच्या अंगाला एका वाडीत त्याची आंब्याची बाग. पण तरुणपणी तो खाडीवरच्या पुलाच्या कामावर मस्टर-कारकून होता. त्या कामावरचा इंजिनीयर साहेब आयर्लंडचा. पावसाळ्यात काम बंद पडे, मजूर भातलावणीला जात, आणि साहेब बंगल्यात एकटा. समोर लाल पाणी, वर काळं आभाळ, आणि बोलायला माणूस म्हणाल तर एक माझा साडू. साहेब बोलायचा आणि साडू ऐकायचा. असे तीन पावसाळे. दुसरा कुणी असता तर “येस सर” म्हणत मनात आंब्याच्या पेट्यांचा हिशेब केला असता. पण साडूला परमेश्वराने विसरण्याची सोयच दिलेली नाही. साहेबाने आपलं गाव बोलून बोलून रिकामं केलं आणि साडूने ते जसंच्या तसं भरून घेतलं. पुढे पूल झाला, साहेबाची बदली झाली. ब्रह्मदेशात म्हणे, की आफ्रिकेत. साहेब गेला तो गेलाच. किल्डरीन मात्र आमच्याकडे राहिलं.

आता हे गाव त्याने स्वतःपाशी ठेवलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण गणपतीत दोघे जावई सासुरवाडीला जमलो, जेवणं झाली, की साडू पडवीतल्या झोपाळ्यावर बसायचा, अडकित्त्याने सुपारी कातरायला घ्यायचा आणि म्हणायचा, “किल्डरीनला आत्ता बटाटे काढत असतील.” झालं! आतल्या बायका पदराला हात पुसत उंबऱ्यापाशी यायच्या. त्यांत सर्वांत पुढे आमची ही. घरी मी काही सांगू लागलो की हिला हटकून दूध उतू जाण्याचा वास येतो. तिथे मात्र खुशाल उतू जाऊ दे.

आणि सांगायचा काय, तर भूगोल! तिथे पाऊस पडत नाही, लोंबतो. बारा महिने लोंबतो. डोंगरावर खाजण आहे, आपल्या खाडीकाठी असतं तसं दलदलीचं. “डोंगरावर खाजण कसं असेल?” मी विचारायचो. “आहे,” साडू म्हणायचा, आणि बायका माझ्याकडे, जणू मीच ते उपसून टाकलं, अशा बघायच्या. त्या खाजणाची काळी माती फावड्याने विटांसारखी कापायची, शेण्यांसारखी रचून वाळवायची आणि वर्षभर चुलीत जाळायची. माळावर एक काटेरी झाड आहे, त्याची काटकी कुणी मोडत नाही. एकाने मोडली, त्याचं तोंड वाकडं झालं. “राखणदाराचं झाड,” सासूबाई लगेच म्हणायच्या. त्यांना एकदाही समजावून सांगावं लागलं नाही. एक विहीर आहे, तिच्या पाण्याने डोळे बरे होतात, शेजारच्या झुडपाला लोक नवसाच्या चिंध्या बांधतात आणि वर्षातून एकदा तिथे जत्रा भरते. शेताशेताला आपल्यासारखेच गडगे. इतिहास म्हणाल तर जुन्या साधूंनी बांधलेला एक उंच गोल मनोरा आहे. समुद्रावरून चाचे आले की साधू आत शिरून शिडी वर ओढून घेत. पुढे विलायतेतला एक खोत आला. खोत म्हटल्याबरोबर आमच्याकडच्या सगळ्यांच्या कपाळाला आठ्या. मग एका साली जमिनीतल्या जमिनीत बटाटे कुजले, गावंच्या गावं गलबतांत बसून अमेरिकेला गेली. इथे साडू सुपारी कातरायचा थांबायचा. नेमका इथेच. उंबऱ्यापाशी कुणीतरी नाक ओढायचं. मी नाही ओढलं कधी. मला फार तर सर्दी असे.

एकदा गावातल्या एका राजकारणी गृहस्थांनी त्याला गाठून आयर्लंडच्या स्वातंत्र्याच्या झगड्याबद्दल विचारलं. त्या दिवसांत वर्तमानपत्रं त्यानेच भरलेली असत. मला वाटलं, आता पकडला! साडू शांतपणे म्हणाला, “ते सगळं डब्लिनात. आमच्या गावात तेव्हा विहिरीचं भांडण चाललं होतं.” ‘आमच्या गावात’! ते गृहस्थ मान डोलावत गेले. मी तेच म्हटलं असतं तर मला देशद्रोही ठरवलं असतं.

बरं, हे गाव नुसतं त्याच्या तोंडात असतं तरी चाललं असतं. त्याने ते बागेत उतरवलं. झऱ्याकडची कलमं म्हणजे ‘विहीरभाग’, मधला उंचवटा म्हणजे ‘मनोरा’, आणि वरचा सडा, जिथे कुदळ मारली तर पाण्याऐवजी ठिणगी उडेल, तो ‘खाजण’. गडीमाणसंही तसंच बोलू लागली. मी एकदा बागेत जाऊन साडू कुठे आहे म्हणून विचारलं, तर गडी म्हणाला, “खाजणात उन्हाला बसल्यात.” माझ्या बायकोने तर किल्डरीन आमच्या स्वयंपाकघरात आणलं. एका चतुर्थीला ताटात उकडलेला बटाटा, वर लोण्याचा गोळा आणि चिमूटभर मीठ. “हे काय?” म्हटलं. “भावजींच्या गावात असंच खातात.” मी तोंड वाकडं करूनच पहिला घास घेतला. पुढचे तीन बटाटे मी काही न बोलता खाल्ले, आणि ते इतके चांगले लागले याचा राग मला पुढली चतुर्थी येईपर्यंत पुरला.

लोण्याचीही एक हकीकत आहे. किल्डरीनला खाजणात लोणी पुरून ठेवत आणि शंभर वर्षांनीही ते टिकलेलं सापडे, असं साडूने सांगितलं. सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी बरणीभर लोणी माडाच्या आळ्यात पुरलं. चार दिवसांनी उकरलं तेव्हा घरातलं मांजरसुद्धा माघारी फिरलं. मला इतका आनंद झाला, की मी कोर्टातून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन साडूला ते सांगायला बागेत गेलो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “शंभर वर्षं ठेवायचं ते चार दिवसांत काढलंत. मग कसं होईल?” सासूबाईंना हे पटलं. उलट आपण घाई केली म्हणून त्या हळहळल्या.

माझंही दुखणं सांगतो. साडूने पडवीत किल्डरीन काढण्याआधी ह्या घरातला गोष्ट सांगणारा मी होतो. माझ्या पणजोबांनी अंजनवेलच्या किल्ल्यावर एका रात्रीत काय पराक्रम केला ही माझी ठेवणीतली गोष्ट. तिच्यात तोफ आहे, भरती आहे, भुयार आहे. लग्न ठरवताना माझ्या पगारापेक्षा ह्या गोष्टीचाच उपयोग अधिक झाला, असं बायकोच पूर्वी सांगायची. आणि किल्डरीन आल्यापासून ती गोष्ट एकदाही भुयाराच्या पलीकडे गेली नव्हती. पणजोबा पलिता घेऊन भुयारात शिरले, की सासूबाई हमखास म्हणायच्या, “जावईबापू, तुमचा किल्ला कुठे पळून जात नाही. पण त्या केसीची गाय खाजणात रुतली होती, तिचं काय झालं हो?” प्रश्न साडूला. पणजोबा गेली कित्येक वर्षं भुयारात पलिता धरून उभे.

आता त्या विहिरीच्या भांडणाकडे येतो. डोळे बरे करणारी ती विहीर केसीच्या जमिनीत. विहिरीकडे जायची वाट मात्र शेजारच्या डोलनच्या शेतातून. म्हाताऱ्या डोलनने एक दिवस वाटेवर गडगा घातला. गावातल्या बायकांना डोक्यावर पाणी घेऊन खाजणाला वळसा घालून यावं लागू लागलं. केसी म्हणे वाट मोकळी कर, डोलन म्हणे शेत माझं आहे. साडू दर वर्षी इथवर यायचा, अडकित्ता खाली ठेवायचा, सरळ माझ्याकडे बघायचा आणि म्हणायचा, “साहेब गेला तेव्हा गडगा उभाच होता.” बस्स. पुढे काही नाही.

कोकणातल्या माणसाला उपाशी ठेवा, तो तग धरील. वाटेचा दावा अर्धवट ठेवून त्याला झोप येणार नाही. साडूच्या वाडीत केसीकडचे आणि डोलनकडचे असे दोन तट पडले. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांचं पटलं त्या दोन घरांत डोलनवरून शेवग्याच्या शेंगा देणंघेणं बंद झालं. आमची ही केसीकडची. म्हणजे खरं तर त्या पाणी वाहणाऱ्या बायकांच्या बाजूची. आणि मी? माझी जन्मभराची विद्या सांगत होती, की पूर्वापार वहिवाटीची वाट अशी बंद करता येत नाही. पण साडू दर वर्षी माझ्या तोंडाकडे असा बघायचा, की मला वाटे, हा मला खिजवतो आहे. कोर्टातला ना तू, मग सांग! तेव्हा मी चक्क डोलनची बाजू घेतली. “शेत ज्याचं त्याचा हक्क,” मी म्हणायचो. “बायकांनी पाय आहेत तर चालावं.” एवढं म्हटल्यावर बायको माझ्याशी दोन दिवस फक्त ‘जेवायला वाढलंय’ एवढंच बोलायची.

एका गणपतीत हे भांडण फारच पेटलं. सासूबाई केसीच्या, मेव्हणा डोलनचा, ही तर नुसती धुमसत होती. मी वैतागून, सगळ्यांचं हसं व्हावं म्हणून म्हणालो, “एवढंच असेल तर साडूभाऊंच्या वाडीतल्या देवाला कौल लावा!” मी हसलो. दुसरं कुणी हसलं नाही. सासूबाई म्हणाल्या, “अगो बाई, हे इतकी वर्षं कुणाला सुचलं नाही!” आणि सासुरवाडीत माझ्या शहाणपणाची स्तुती त्या दिवशी पहिल्यांदा झाली.

विसर्जन झाल्यावर सोमवारी सकाळी साडूच्या वाडीतल्या देवळात अख्खी वाडी जमली. दोन्ही तट समोरासमोर बसले. गुरव ओल्या कळ्या घेऊन आला. देवाच्या अंगाला त्या चिकटवायच्या; उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पण गुरवाने आधी आमच्या न्यायाधीशांसारखाच प्रश्न घातला. “परमुलखातला गडगा. देवाची हद्द त्या वडाच्या झाडापातूर. देवानं निकाल द्यावा कसा?” मी मनात म्हटलं, वा! दावाच उडाला! पण साडू उठला. “साहेब तीन पावसाळे ह्या हद्दीत राहिला. इथल्या विहिरीचं पाणी प्याला. ते पाणी त्याच्या अंगात आहे. तो जाईल तिथवर हद्द.” गुरवाने क्षणभर विचार केला आणि मान हलवली. इतका चांगला युक्तिवाद मी आमच्या कोर्टात ऐकलेला नाही. माझ्या पोटात नेहमीसारखं दुखलं.

“बरं तर,” गुरव म्हणाला, “कुनाच्या नावानं गाऱ्हानं घालू? बिननावाचं गाऱ्हानं चालत नाय.”

“केसीच्या!” एक तट ओरडला. “डोलनच्या!” दुसरा.

साडू पुढे होऊन गुरवाजवळ गेला. मग हळूच म्हणाला, “डोलनच्या मुलाच्या नावाने घाला. म्हणजे साहेबाच्या.”

दोन्ही तटांच्या माना साडूकडे वळल्या. इतकी वर्षं साडूने साहेबाला नुसतं ‘साहेब’ म्हटलं होतं, आणि आम्हां कुणाला त्याचं आडनाव विचारावंसं वाटलं नव्हतं. साडू खाली बघत सांगत होता. गडगा साहेबाच्या बापानेच घातला होता. साहेब बापाशी भांडला, वाट मोकळी कर म्हणाला. बाप ऐकेना. पोरगा घर सोडून निघाला तो पुन्हा त्या गावात गेला नाही. “तो डोलनचा आहे हे सांगितलं असतं तर तुम्ही त्यालाच बोल लावला असतात,” साडू म्हणाला. “म्हणून नाही सांगितलं.”

गुरवाने घसा खाकरला आणि देवाकडे तोंड करून गाऱ्हाणं घातलं, “बा देवा म्हाराजा! तुज्या हद्दीत तीन पावसाळे ऱ्हायला, तुज्या हिरीचं पानी प्याला, तो डोलनाचा पोर आज कुटं हाय ते तुला ठावं. त्याच्या बापसानं बायामानसांची पान्याची वाट आडवली आसंल, तर ती तू मोकळी कर म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“बापलेकांत काय आडवं आलं आसंल, तर त्ये दूर कर. नि त्याच्या घराची वाट त्याला दाव म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” ह्या खेपेला सर्वांत मोठा आवाज माझाच निघाला. कोर्टात ओरडायची सवय, दुसरं काय.

उजवी कळी पडली.

परत येताना पाखाडीवर साडू माझ्या बरोबरीने चालत होता. म्हणाला, “शिरस्तेदार, जायच्या दिवशी साहेबाने मला विचारलं होतं, ‘अशी वाट अडली तर तुमच्याकडे काय करतात?’ मला उत्तर देता आलं नाही. मग तुमचं लग्न झालं, तुम्ही घरात आलात. वाटेच्या दाव्यात तुमचा हात धरणारा कोण आहे? मला वाटायचं, तुमच्यासमोर सगळी हकीकत मांडली, की कधीतरी तुम्ही म्हणाल, वाट मोकळी. म्हणून दर वर्षी तुमच्याकडे बघायचो. पण तुम्ही डोलनला धरून बसलात. म्हटलं, कायदाच तसा असेल.”

मी पायऱ्या बघत चाललो होतो. ज्या गोष्टीचा मी इतकी वर्षं हेवा केला, ती गोष्ट हा माणूस मलाच सांगत होता. उंबऱ्यातल्या बायका वाटेत होत्या, म्हणून त्यांच्याही कानावर पडत होती. “कायदा तसा नाही,” मी म्हणालो. “वाट मोकळीच.” एवढं म्हणायला मला इतकी वर्षं लागली. साडूने मान हलवली, जणू बोटीत बसलेल्या कुणाला तरी निरोप पोचवून आला आहे.

पुढच्या गणपतीत साडू झोपाळ्यावर बसला, सुपारी कातरली, खाल्ली, आणि गप्प. “किल्डरीनचं काय हो?” सासूबाईंनी विचारलं. “आता काय सांगायचं?” तो म्हणाला. “गडगा पडला.” मग सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. माझी पाळी! मी पणजोबांना भुयारातून बाहेर काढलं. तोफ उडवली, भरती आणली, गलबत फोडलं. गोष्ट शेवटपर्यंत गेली. इतकी वर्षं मधेच तुटायची म्हणून तिचा शेवट मी कधी नीट पारखला नव्हता; तो तितकासा बरा नाही हे मला त्या दिवशी कळलं. सगळ्यांनी “छान, छान” म्हटलं. कुणीतरी जांभई दाबली. मला वाटलं, ती मीच.

साडू झोपाळ्याच्या कडीकडे बघत होता. गेल्या वर्षभरात त्याचे केस बरेच पांढरे झालेले मला दिसले. त्याच्या बागेतला मनोरा, विहीर, खाजण सगळं जागच्या जागी होतं, आणि ह्या पडवीत त्या गावाचं नाव काढणारं कुणी नव्हतं. साहेब कुठे आहे, आहे की नाही, कुणाला ठाऊक. मी झोपाळ्यासमोर जमिनीवर मांडी घातली आणि म्हणालो, “साडूभाऊ, पण त्या केसीची गाय खाजणात रुतली होती, तिचं काय झालं हो?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. थट्टा करतो आहे की काय, ते बघत असावा. मग त्याने अडकित्ता उचलला.

“ती गाय,” साडू म्हणाला, “केसीची नव्हतीच मुळी.”

उंबऱ्यापाशी बांगड्या वाजल्या.

दिवेलागणीला आम्ही दोघं घरी निघालो. बंदराच्या रस्त्यापर्यंत ही पुढे पुढे चालत होती. मग पदर सारखा करत म्हणाली, “गोष्ट सांगताना तुम्ही बरे दिसता हो. नाही असं नाही. पण ऐकताना जास्त बरे दिसता.”